सगळ्यांनी काहीतरी सोडायचं

बस डेपोच्या मागच्या अंगाला सुट्या भागांचं कोठार आहे. त्याला एकच खिडकी, खिडकीला जाळी, आणि जाळीत जेमतेम हात जाईल एवढं भोक. त्या भोकापलीकडे गेली एकोणीस वर्षं एकच माणूस बसतो. कागदोपत्री तो स्टोअरकीपर, पण डेपोत त्याला तसं कुणीच म्हणत नाही. म्हणतात 'अर्धाकप'. सकाळी अकराला चहा आला की बाकीचे आपापला कप उचलतात आणि हा म्हणतो, "मला अर्धाच." चहाशी त्याचं काही वैर नाही हो. अर्ध्याला पैसे अर्धे पडतात, एवढंच.

कंजूष म्हणाल तर तसा नाही. कंजूष माणूस पैसा साठवून त्याच्याकडे बघत बसतो. याच्याकडे साठवायला कधी काही उरलंच नाही, मग बघणार कशाकडे? पगार हातात येतो तो एका दारानं, आणि चहा निवायच्या आत चार दारांनी निघून जातो. जे पंधरवडाभर पुरायचं ते महिनाभर पुरवणं ही त्याची कला. आणि त्या कलेत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

कोठाराचा नियम एकच: जुनं द्या, नवं न्या. झिजलेलं बेअरिंग भोकातून आत आलं, तरच नवं बाहेर जाणार. पण मिस्त्री लोक काय कमी बेरकी? एकच झिजलेलं बेअरिंग रॉकेलनं पुसायचं, पुन्हा आणून दाखवायचं, आणि दुसरं नवं नेऊन बाहेर विकायचं. म्हणून अर्धाकपनं पिवळ्या ऑइलपेंटचा एक डबा जवळ ठेवला होता. जुनी वस्तू हातात आली की आधी तिच्यावर पिवळा ठिपका. ठिपका पडला की ती वस्तू मेली, परत खिडकीवर यायची नाही. एकोणीस वर्षांत त्याला एकदाही कुणी फसवू शकलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि दर वेळी जरा जास्तच ठासून सांगायचा.

घरीसुद्धा हाच कायदा. टूथपेस्टची नळी लाटण्यानं लाटून दाखवायची, मग नवी. पेन्सिल बोटाच्या पेराएवढी झाली की नवी. बायको एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अहो, मी जुनी झाले की मलाही ठिपका लावणार ना?" त्यावर तो म्हणाला, "तुला परत घेणार कोण?" दोघी मुली लोळून लोळून हसल्या. त्याची आईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावरचं, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. पण हसणं असायचं घरात, खोटं कशाला बोला.

सहलीचं खूळ निघालं ते धाकटीच्या एका प्रश्नावरून. ती आठ वर्षांची. जेवताना तिनं विचारलं, "बाबा, आपण आतापर्यंत कुठे कुठे गेलोय?"

सगळे मोजायला लागले. मावशीच्या मुलीच्या लग्नाला गेलो. काका वारले तेव्हा गेलो. मग आणखी एक लग्न. मग आजीच्या डोळ्यांच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात.

"म्हणजे कुणीतरी लग्न करायला पाहिजे नाहीतर मरायला पाहिजे," थोरली म्हणाली, "तेव्हाच आपण बाहेर पडतो." ती चौदा वर्षांची. या वयात जीभ तिखट असतेच, पण बोलली ते खरं होतं, आणि खरं असलं की जास्तच झोंबतं.

अर्धाकपला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी कोठारातलं कॅलेंडर त्यानं जरा नीट पाहिलं. एका टायर कंपनीनं पाठवलेलं ते, त्यावर डोंगर, खाली दरी, आणि दरीवरून तारेला लटकून चाललेली काचेची लाल खोली. आत बसलेली माणसं हसत होती. महिना अजून संपायचा होता, तरी त्यानं ते पान फाडलं आणि घरी आणलं. स्वतःच्या हातानं कॅलेंडरचं पान आधी फाडलं हे ऐकून बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"इथे जायचं," तो म्हणाला. "पाची जणांनी. चार दिवस."

मग प्रत्येकाची स्वप्नं सुरू झाली. धाकटीला त्या तारेवरच्या गाडीत बसायचं होतं. थोरलीनं ऐकलं होतं की हॉटेलात सकाळचा नाश्ता हवा तेवढा वाढून घेता येतो आणि कुणी मोजत नाही. बायकोला चार दिवस आपलं अंथरूण दुसऱ्या कुणीतरी घडी करून हवं होतं. ती उशांचे अभ्रे शिवायच्या कारखान्यात होती, आणि दुसऱ्यांच्या उशा सोडून तिनं कधी काही पाहिलं नव्हतं. तो स्वतः म्हणाला, "मला असा पंखा लावून बसायचंय ज्याचं बिल मला येणार नाही." आणि आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही न्याल तिथे मी येईन. मला वरून खाली बघायचंय एकदा. जन्मभर खालूनच वर बघितलं."

रविवारी त्यानं कागद मांडला. बसचं भाडं, एका खोलीत जादा गादी टाकून पाच माणसं, जेवणखाण, तारेवरची गाडी, आणि शेवटी एक रकाना 'अचानक'. बेरीज झाली बासष्ट हजार. बासष्ट हजार हा आकडा त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता.

"वरून काही पडणार नाही," तो म्हणाला. "पगारातून मी महिन्याला तीन हजार काढतो, कसेही काढतो. उरलेल्यासाठी सगळ्यांनी काहीतरी सोडायचं. आपापल्या खर्चातलं. वाचले ते या डब्यात."

"आणि कुणी काय सोडलं याची चौकशी करायची नाही," बायको म्हणाली. "पोरींना तोंड वर करून विचारत बसाल. एवढं एक तरी तुमच्या ठिपक्याशिवाय होऊ द्या."

तो कुरकुरला, पण कबूल झाला. बिस्किटांच्या जुन्या डब्याच्या झाकणाला त्यानं चीर पाडली. थोरलीनं भिंतीवर तक्ता चिकटवला, प्रत्येकाच्या नावापुढे घरं आखून.

तेवढ्यात आईनं विचारलं, "मी काय सोडू रे?"

तो हसला. "तू काय सोडणार आई? तुझा खर्चच काय? खाणं तीन घास, कपडे दहा वर्षांपूर्वीचे. औषध काय ते तेवढं."

"हं," आई म्हणाली.

हे तो सहज बोलला होता. माणूस दिवसातून शंभर गोष्टी सहज बोलतो. त्यातली कोणती कुठे जाऊन पडेल, कुणाला कळतं?

औषध म्हणजे डोळ्यांचं. आईला काचबिंदू होता. चार वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थोडी नजर गेली आहे, ती येणार नाही, पण उरलेली राहील. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, जन्मभर. महिन्याला एक बाटली, बोटाएवढी, आणि किंमत बाराशे. दर एक तारखेला आई रिकामी बाटली तळहातावर घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची. घरचा कायदाच तो. तो बाटलीकडे नजर टाकायचा, बाराशे तिच्या हातावर ठेवायचा, आणि आई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात स्वतः जाऊन यायची. तेवढंच तिचं बाहेर जाणं.

डबा भरायला लागला. अर्धाकप आता अर्धाही कप घेईना. शिवाय डेपोपर्यंत चाळीस मिनिटं चालत जायला लागला. मिस्त्री म्हणाले, "आता याला काय म्हणायचं? बिनकप?" बायकोनं केसांना रंग लावणं सोडलं, आणि दोन महिन्यांत तिचा भांग पांढरा झाला. आरशासमोर ती जरा थबकायची आणि कामावर निघायची. थोरलीनं शनिवारचं मैत्रिणींबरोबरचं आइस्क्रीम सोडलं, "पोट बिघडलंय" असं सांगून सांगून. शेवटी मैत्रिणींनी विचारायचंच सोडलं. धाकटीनं जाहीर केलं की ती दूध सोडते आहे. दूध तिला पहिल्यापासून आवडत नव्हतं. तिचा हा त्याग नामंजूर झाला, मग तिनं रंगीत स्टिकर सोडले.

आणि आजी? आजी सगळ्यांच्या पुढे! पहिल्या महिन्यात चार तारखेला तिनं चारशे टाकले. पंधराला साडेतीनशे. मग शेवटी शेवटी आणखी काही, सुटे. तक्त्यावर तिची घरं भराभर भरायला लागली. अर्धाकपनं विचारलं, "आई, कुठून गं?" तर बायकोनंच डोळे वटारले, "चौकशी नाही ठरलं होतं ना?" त्यानं मनाशी ठरवून टाकलं की मावशी देत असणार. आईची धाकटी बहीण अधूनमधून तिच्या हातावर काहीतरी ठेवायची, ते त्याला माहीत होतं.

"बघा," तो मुलींना म्हणायचा, "शिका आजीकडून. काही कमवत नाही, तरी तुमच्या दुप्पट टाकते."

आई लाजायची. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी खाली मान घालून हसायची. तिचं असं कौतुक कुणी कधी केलंच नव्हतं. नवऱ्याच्या राज्यात तिला तोंड नव्हतं, मुलाच्या राज्यात हात नव्हता. आता भिंतीवर तिची ओळ सगळ्यांत लांब होती, आणि येता-जाता ती त्या ओळीवरून बोट फिरवायची.

सहाव्या महिन्यात तिनं चहाचा कप टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला. कप फुटला. "आई, लक्ष कुठे असतं?" तो ओरडला. नवा कप म्हणजे खर्च. मग ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. धाकटी शेजारी उभी राहून हाका मारायची, आणि आजी भलतीकडेच वळून "काय गं?" म्हणायची. धाकटीला हा खेळच वाटायचा, ती मुद्दाम दुसऱ्या बाजूला जाऊन लपायची. सगळे हसायचे. आजीही हसायची. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

अकराव्या महिन्याच्या शेवटी डबा उघडला. त्याच्या तीन हजारांसकट सगळं मिळून बासष्ट हजार चारशे! घरात जत्रा भरल्यासारखा गोंगाट झाला. त्यानं रजेचा अर्ज दिला, आणि साहेबानं तो न वाचताच मंजूर केला, कारण एकोणीस वर्षांत अर्धाकपनं सलग चार दिवस कधी मागितलेच नव्हते. बसची तिकिटं काढली, हॉटेलचे पैसे भरले. रद्द केली तर पैसे परत मिळणार नाहीत अशी तिकिटं स्वस्त होती, म्हणून तीच काढली. "रद्द करायचंय कुणाला?" तो म्हणाला. तीस हजारांच्या वर अजून हातात होते.

निघायला सोळा दिवस राहिले असताना आईला चपला घ्यायला सगळे बाजारात गेले. दुकानातून बाहेर पडताना दोन पायऱ्या होत्या. आईनं पाय पुढे टाकला तो सरळ हवेत. रस्त्यावर पालथी पडली. हाड मोडलं नाही, नशीब, पण गुडघा फुटला आणि ओठ सुजला. तिला उठवून बसवलं तेव्हा ती म्हणाली, "पायरी होती का तिथे?"

"आई," त्यानं विचारलं, "तुला पायरी दिसली नाही?"

तो तिथूनच तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी डोळ्यांत पाहिलं, दाब मोजला, मग आईला एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. समोर बारीक बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बाकावर बसून तो बटणाचा आवाज ऐकत होता. बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग एकदा टक्. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. आई शोधते आहे, हे त्याला बाहेर बसूनही कळत होतं.

"औषध घालता ना आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घालते की."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"बाटली आणलीय? दाखवा बरं."

आईनं हातातली पिशवी, कुठेही गेली तरी जवळ असायची ती, घट्ट धरली. त्यानंच ती तिच्या हातातून घेतली, आतला रुमाल सोडला, बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. रिकामी. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली, लेबल वाचलं आणि ती त्याच्याकडे सरकवली. "ही तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या.

वाचायला काय, दिवसभर तो हेच करतो. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदतीची तारीख. ती मुदत संपून आठ महिने झाले होते. लेबलचा कोपरा उडाला होता, आणि अंगठ्यानं रोज घासल्यासारखी अक्षरं पुसट झाली होती. ही या महिन्याची बाटली नव्हती, त्याआधीच्याही महिन्याची नव्हती. अकरा महिने, दर एक तारखेला, त्याच्यासमोर हीच बाटली आली होती. आई तळहात पुढे करायची, तो नजर टाकायचा आणि पैसे द्यायचा. एकोणीस वर्षांत एका मिस्त्रीला जे जमलं नाही ते त्याच्या आईनं अकरा वेळा केलं होतं. आता आईच्या बाटलीवर कुणी ठिपका लावतं का? तुम्ही लावला असता?

"आई," तो म्हणाला. "आई, अगं का?"

"घातलं काय, न घातलं काय, मला सारखंच वाटायचं," आई म्हणाली. "दुखत नाही, खुपत नाही. म्हटलं, थोडे महिने थांबले तर काय होतंय? फिरून आलो की पुन्हा घालणारच होते."

"म्हणून तू... अगं, पैसे मागायचेस माझ्याकडे! मी नाही म्हटलं असतं का?"

"तुझ्याकडून घेऊन तुझ्याच डब्यात टाकायचे?" आईलाही आता राग आला होता. "सगळ्यांनी आपापलं सोडलं. तुझी बायको पांढऱ्या केसांनी कामावर जाते. एवढीशी पोर स्टिकर सोडते. माझ्याकडे सोडायला दुसरं होतं काय, तूच सांग ना! तूच म्हणाला होतास, औषध काय ते तेवढं."

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून आलेला कागद उचलला.

मग त्यांनी तो समोर ठेवला. काळं म्हणजे नजर गेलेली. उजव्या डोळ्याचं वर्तुळ सगळं काळं. डाव्या डोळ्याच्या मधोमध एक लहानसं पांढरं भोक राहिलं होतं. हा आजार कडेकडेनं खात येतो, त्या म्हणाल्या, माणसाला कळतच नाही. गेलं ते गेलं. उरलंय तेवढं टिकवायला पुन्हा थेंब घाला, आणि अगदी कडक.

"ऑपरेशन करा," तो म्हणाला. "माझ्याकडे पैसे आहेत."

"त्यानं गेलेली नजर परत येत नाही."

"तीस हजार आहेत. रोख. आणखी आणतो. हॉटेलवाल्याच्या पाया पडतो, कर्ज काढतो."

"पैशांचा प्रश्न नाहीये हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जन्मभर ज्याचा प्रत्येक प्रश्न पैशांचाच होता, त्याला आयुष्यात पहिल्यांदा हातात पैसे असताना कुणीतरी सांगितलं की हा पैशांचा प्रश्न नाही. तो तिथेच खुर्चीत बसून राहिला. पुढचा पेशंट दारातून डोकावून गेला तरी त्याला उठायचं भान नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन आणखी दोन डॉक्टरांकडे गेला. पैसे छातीशी धरलेल्या पिशवीत. दुसऱ्या डॉक्टरनं तेच सांगितलं. तिसरा वयस्कर होता, बोलायला गोड. त्यानं सगळे कागद पाहिले, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि दाराशी येऊन हळूच म्हणाला, "उगाच दारोदार फिरून पैसे घालवू नका. साठवून ठेवा." त्यानं ते चांगल्या मनानंच सांगितलं. अर्धाकप जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. आई दोन पायऱ्या वर उभी होती, एक पाय पुढे करून पायरी चाचपत. "काय झालं रे? कुठे आहेस?" ती विचारत होती.

घरी बायकोनं तो तक्ता भिंतीवरून ओरबाडून काढला. "मीच म्हटलं होतं, चौकशी नको म्हणून," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून बसली. धाकटी एकदा येऊन हळूच विचारून गेली, "मी लपायचे तेव्हा आजीला खरंच दिसत नव्हतं?"

"सहल रद्द," तो म्हणाला.

"पैसे परत मिळतात?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग जायचं." आईचा आवाज कधी नव्हे तो चढला. "माझे डोळे पाण्यात आणि पैसेही पाण्यात? मला घेऊन जायचं. अकरा महिने मी काय घरी बसायला केलं?"

तिच्यापुढे कुणाचं काही चालेना. आता तिला नाही म्हणायचा हक्क उरला होता कुणाला? ठरल्या दिवशी पाची जणं बसमध्ये बसली. थोरलीनं आजीचा डावा हात धरला होता, बायकोनं उजवा. अर्धाकपच्या खिशात नवी बाटली होती. सकाळ-संध्याकाळ तोच थेंब घालायचा, आणि बाटली आता स्वतःजवळच ठेवायचा.

हॉटेलात नाश्ता खरंच हवा तेवढा होता. थोरलीनं एक पाव घेतला आणि तोही अर्धा टाकला. अंथरुणं दुसरं कुणी घडी करत होतं आणि बायको दारात उभी राहून ते बघत होती, पाहुण्यांच्या घरात उभं राहिल्यासारखी अवघडून. पंखा दिवसभर फिरत होता. अर्धाकप त्याच्याखाली पलंगावर बसून राहायचा. आई मात्र उत्साहात होती. थंडी किती आहे, हवा किती हलकी आहे, सारखं बोलत होती, सगळ्यांना बोलतं करत होती. यजमानीणच जणू ती.

तिसऱ्या दिवशी ते तारेवरच्या गाडीत बसले. सहा माणसांची लाल खोली, तीन बाजूंना काच, आणि दाराची बाजू पत्र्याची, पांढऱ्या रंगाची. आईला हात धरून चढवलं. गाडी जोरात हलली, सगळ्यांचे तोल गेले, आई धडपडत बाकावर टेकली आणि कडेला हात लागला तशी तिकडे वळून, बाकाची कड धरून बसली. गाडी दरीवर आली. खाली एवढीशी झाडं, एवढासा रस्ता, त्यावर मुंगीएवढी बस. ऊन लख्ख होतं. आभाळात एक ढग नव्हता.

आई पत्र्याच्या दाराकडे तोंड करून बसली होती. पत्र्यापासून वीतभर अंतरावर तिचं नाक होतं. ती मान जराशी इकडे, जराशी तिकडे करत होती.

"सगळं पांढरं पांढरं आहे रे," ती म्हणाली. "ढगात आलो का आपण?"

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलीनं तिचा हात दाबला. बायको त्याच्याकडे बघत होती. आईला खांद्याला धरून वळवायचं, तर सांगावं लागणार होतं की आतापर्यंत ती पत्रा बघत होती. आणि वळवून तरी त्या सुईएवढ्या भोकातून तिला काय दिसणार होतं, कोण जाणे. त्यानं हात उचलला होता, तो मांडीवर परत ठेवला.

"हो आई," तो म्हणाला. "ढगच आहेत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, जायचंच म्हणून?" आई खूश झाली. तिनं मागे हात करून चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला. "पैसे वसूल झाले ना रे?"

"झाले," तो म्हणाला.